पॉलिश राहून गेलेला दांडा

माझ्या डाव्या मांडीच्या हाडात वीतभर लांबीचा एक धातूचा दांडा आहे. तो आत बसवायच्या आधी मी डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, याचं पॉलिश करायचं कोण विसरलं?" डॉक्टर हसले. माझी बायको करुणा हसली नाही, कारण मी थट्टा करत नाहीये हे तिला कळलं होतं.

आता मी चालतो. काठी दारामागे उभी असते आणि तिला छत्री अडकवलेली असते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांना खुबा बदलायला सांगितलंय. ते एक दिवसाआड येतात आणि मला चालून दाखवायला लावतात. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतो, ते बघतात, चहा घेतात आणि परत पहिल्यापासून विचारायला लागतात. शेवटी करुणा म्हणाली, "एकदा लिहून काढा सगळं. मास्तरांना देऊन टाकू. आन् खरं लिव्हा, सोताची बाजू सावरत बसू नका."

म्हणून हे लिहितोय. बाजू सावरलेली दिसली तर ती खोडणार आहे.

*

मी संगमनेरला एका वर्कशॉपमध्ये बफिंगचं काम करतो. डेअरीला लागणारे स्टीलचे कॅन, बादल्या, मोठ्या टाक्या आमच्याकडे बनतात. जोडकाम झालं की माल माझ्याकडे येतो आणि मी तो फिरत्या चाकावर आतून-बाहेरून घासतो. आतून जास्त. कॅनच्या आत एवढासा ओरखडा राहिला तरी तिथे दूध धरून बसतं, नासतं आणि सगळा कॅन वास मारायला लागतो. काम झालं की मी अंगठा फिरवून बघतो. अंगठा कुठे अडला तर माल परत चाकावर. सव्वीस वर्षं या अंगठ्यानं माल पास केलाय, आणि मला त्याचा जरा जास्तच अभिमान आहे.

दुखायला लागला तो गुडघा. दिवसभर उभ्याचं काम, दुखणारच, असं म्हणून मी वर्षभर त्याचे लाड केले. तेल चोळलं, पट्टा बांधला, शेक दिला. एक्स-रे काढला तर गुडघा अगदी स्वच्छ. तरी मी लंगडत होतो. पुढे पुढे पँट घालताना डावा पाय उचलेना. करुणा माझ्या पायाची नखं कापायला बसली त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी नगरला मोठ्या डॉक्टरांकडे जायला तयार झालो.

त्या डॉक्टरांनी गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला आडवं झोपवलं, पाय दुमडून आतल्या बाजूला फिरवला आणि मी ओरडलो. मग एमआरआय झाला. दुपारी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "खुब्यात जो हाडाचा गोळा असतो, त्याला रक्त पोचत नाहीये. त्यामुळे ते हाड मेलंय आणि आता ढासळायला लागलंय. दुखणं खुब्यात आहे, तुम्हाला जाणवतंय गुडघ्यात."

मग त्यांनी विचारलं, "दम्यासाठी वगैरे कधी पुड्या घेत होता का?"

घेत होतो. बफिंगची धूळ छातीत जाते. कुणीतरी सांगितलं म्हणून मी पाच-सहा वर्षं पांढऱ्या पुड्या खाल्ल्या. पुडी खाल्ली की तासाभरात छाती मोकळी. त्यात काय होतं हे आता कळायला मार्ग नाही, पण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं आणि त्यानं हे होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर, तुम्ही पुड्या खात नाही हे मला माहीत आहे, पण हे वाचणारा कुणी खात असेल तर त्यानं आज बंद करून चांगल्या डॉक्टरला गाठावं.

मी एकाच शब्दाला अडकून बसलो होतो. हाड मेलंय. मी जिवंत, खुर्चीत बसलेला, चहा पिऊन आलेला, आणि माझ्यातलं एक हाड मेलेलं. सत्तेचाळीस वय, आणि बसून बफिंग करता येत नाही. पाय गेला म्हणजे काम गेलं, एवढंच मला कळत होतं.

*

डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितलं. तारीख ठरली, आदल्या दिवशी भरती झालो. संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या हातात नमुन्याची पेटी होती. पेशंटला काय बसवणार ते दाखवायची त्यांची चांगली पद्धत आहे. चांगली पद्धत, पण चुकीचा पेशंट.

पेटीत गोळा होता. तो मी उजेडाकडे धरून फिरवला. असं फिनिशिंग मला जन्मात जमलं नसतं, आणि हे मी मोकळेपणानं डॉक्टरांना सांगितलंही. मग त्यांनी दांडा दिला. हा मांडीच्या हाडात ठोकून बसवायचा आणि त्याच्या डोक्यावर तो गोळा. दांड्याचं खालचं टोक चकचकीत होतं. वरचा अर्धा भाग मात्र राखाडी, मळकट दिसणारा. मी सवयीनं अंगठा फिरवला आणि अंगठा अडला. कानशीवर फिरवल्यासारखा अडला.

तेव्हा मी तो पॉलिशचा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "तो तसाच असतो, हाडासाठी." एवढ्यात कुणा अपघाताच्या पेशंटसाठी त्यांना बोलावणं आलं आणि ते गेले.

माझं डोकं फिरलं. अर्ध्यात सोडलेलं काम मला लांबून ओळखू येतं. खालून सुरुवात केली, टोकाचं पॉलिश झालं, आणि मग पाळी बदलली किंवा लाइट गेली. असा माल गरिबाला खपवतात, आणि तो आता माझ्या मांडीत जाणार. सिस्टर सहीचा कागद घेऊन आल्या. मी म्हणालो, "सिस्टर, हा दांडा मला एक दिवस द्या. उद्या संध्याकाळपर्यंत करून आणतो."

"काय करून आणता?"

"पॉलिश."

त्यांनी दांडा माझ्या हातातून काढून पेटीत ठेवला. मग म्हणाल्या, "काका, हा नमुना आहे. तुमचा सीलबंद डब्यात आहे. तो ऑपरेशनच्या टेबलावरच उघडतात."

"म्हणजे तोही असाच असणार," मी म्हणालो आणि सही केली नाही.

डॉक्टर परत आले. त्यांनी समजावलंही असेल, पण माझे कान बंद होते. शेवटी ते म्हणाले, "सही तुमची आहे, जबरदस्ती नाही. पण गोळा ढासळायचा थांबणार नाही. जितके दिवस घालवाल तितकं काम अवघड." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिशव्या भरून एसटी स्टँडवर आलो.

करुणा अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर तीस पोरांशी बोलते, त्यामुळे तिचं गप्प बसणं लगेच लक्षात येतं. राहुरी आली, लोणी गेली, तिनं तोंड उघडलं नाही.

*

आता खांबाबद्दल लिहायला हवं. इथेच मला बाजू सावरायचा मोह होणार होता.

आम्ही घराला पुढची खोली वाढवली तेव्हा काम करुणाच्या भावाला दिलं. विलास गवंडी आहे, हात चांगला. खोलीच्या मधोमध एक काँक्रीटचा खांब आला. त्याच्या साच्याच्या लोखंडी प्लेटा मी वर्कशॉपमध्ये नेऊन स्वतः घासून आणल्या होत्या. त्यामुळे साचा काढला तेव्हा खांब असा निघाला, की हात लावला तर घसरावा. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. गिलाव्याच्या आधी विलास छन्नी-हातोडा घेऊन त्याला टाचे मारायला लागला, म्हणजे जागोजागी टोचून खरबरीत करायला. मी त्याचा हात धरला. एवढा सुंदर खांब, आणि हा त्याला देवीचे वण पडल्यासारखा करतोय. तो म्हणाला, "दाजी, टाचे मारल्याबिगर गिलावा धरत न्हाई." मी म्हणालो, मारायचे नाहीत. तो धाकटा, मी दाजी. त्यानं तसाच गिलावा केला.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी सगळा गिलावा एका दमात खाली आला. नशिबानं खाली कुणी नव्हतं, शिलाई मशीनचं झाकण तेवढं फुटलं. आणि मी चार लोकांत विलासला म्हणालो, की तू माल चोरलास, सिमेंट कमी घातलंस. त्या दिवसापासून तो नाताळाला तेवढा येतो, केक देतो आणि उभ्या उभ्या जातो. खांब मी तसाच उघडा ठेवला. दुरुस्त करायचा तर त्याला बोलवावं लागलं असतं.

नगरहून आलो तेव्हा करुणानं मला धरून आत आणलं आणि माझी खुर्ची बरोबर त्या खांबासमोर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "बघा तिकडं."

"काय बघू?"

"तुमचं पॉलिश. अंगठा फिरवा की त्याच्यावरून. कुठं अडतोय का बघा." तिचा आवाज चढला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. "विलासनं सांगितलं हुतं, खरबरीत न्हाई केलं तर धरत न्हाई. तुमी ऐकलं न्हाई. आता डॉक्टर सांगतेत हाडासाठी खरबरीत ठेवलंय, तर त्येंचंबी ऐकत न्हाई. गिलावा पडला तवा मशीनचं झाकण फुटलं. मांडीतला दांडा सुटला तर कुणाच्या भावाला चोर म्हननार हाय?"

मी खांबाकडे बघत बसलो. खांब खरंच सुंदर होता. त्याच्यावर काहीही टिकलं नव्हतं.

दोन दिवस मी ती खुर्ची खांबासमोरून हलवली नाही. तिसऱ्या दिवशी करुणाला म्हणालो, "डॉक्टरांना फोन लाव."

*

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी टोमणा मारला नाही. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. त्या राखाडी भागावर मुद्दाम बारीक छिद्रांचा थर दिलेला असतो. हाडात असतो तशाच पदार्थाचा एक पातळ लेपही वरून असतो. माझं जिवंत हाड हळूहळू त्या छिद्रांत शिरतं आणि दांड्याला धरून ठेवतं. गुळगुळीत दांड्याला असं धरता येत नाही.

"तुमच्या कॅनला दूध चिकटू नये," ते म्हणाले, "आणि माझ्या दांड्याला हाड चिकटलं पाहिजे. जिथे हलायचं तिथे गुळगुळीत, जिथे धरायचं तिथे खरबरीत. गोळा बघितलात ना तुम्ही?"

मी मान डोलावली. मग ते म्हणाले, "पण हाड धरेलच अशी लेखी हमी मी देत नाही. बहुतेकांचं धरतं. क्वचित नाही धरत, मग दांडा आत हलत राहतो आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. ते पहिल्यापेक्षा कठीण." त्यांनी हे लपवलं नाही म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याच वाक्यानं पुढचे तीन महिने माझा जीवही खाल्ला. मी सही केली.

ऑपरेशनचं मला फार काही सांगता येणार नाही. पाठीत सुई दिली, कमरेखालचा भाग माझा राहिला नाही. मात्र ठोकण्याचा आवाज येत होता. हातोडीनं लोखंडावर ठोकल्याचा, आमच्या वर्कशॉपसारखाच. मला बरं वाटलं. ठोकणाऱ्याचा हात बसलेला आहे हे आवाजावरून कळत होतं.

वॉर्डात शेजारच्या कॉटवर पारनेरकडचे एक बाबा होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गोठ्यात घसरून खुबा मोडलेला. त्यांचाही दांडा बसवला होता, पण म्हाताऱ्या हाडाला धरायला वेळ लागतो म्हणून त्यांना तो एका प्रकारच्या सिमेंटनं पक्का केला होता. बाबा सगळ्यांना सांगत, "माजं आर.सी.सी. बांधकाम हाय. ह्या गड्याचं कच्चं हाय अजून, त्येला पानी मारावं लागंल." सकाळी सहाला चहा, मग मावशी अंग पुसून जात, मग ड्रेसिंग, मग फिजिओच्या मॅडम. मॅडम येताना दिसल्या की बाबा डोळे मिटून घोरायला लागत. मॅडम त्यांना रोज तशाच उठवत. मी त्या वॉर्डात जेवढा हसलो तेवढा वर्षभरात हसलो नव्हतो.

आमचे पाळकसाहेब आले आणि त्यांनी माझ्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. मधेच बाबांनी विचारलं, "त्येच्यात माजंबी नाव घ्या की." पाळकांनी त्यांचं नाव विचारून घेतलं आणि प्रार्थनेत घातलं.

रक्ताची एक बाटली लागली होती. ती कुणी दिली हे मला तिसऱ्या दिवशी सिस्टरांकडून कळलं. विलास सकाळच्या गाडीनं येऊन, रक्त देऊन, दुपारच्या गाडीनं परत गेला होता. वॉर्डात आला नाही. मी करुणाला म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "त्योच नको सांगू म्हनला." मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं, आणि हे तिला कळलंच असणार.

*

घरी आल्यावर सहा आठवडे वॉकर. डाव्या पायावर अर्धाच भार द्यायचा, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही. या दिवसांत हाड दांड्याशी ओळख करून घेत असतं, तेव्हा त्याला धक्का द्यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी आज्ञाधारक झालो. मला ओळखणारे यावर विश्वास ठेवत नाहीत.

सहा आठवड्यांनी पहिल्यांदा पूर्ण भार दिला, आणि मांडीत, मधोमध, कळ आली.

पहिली दुखायची जागा वेगळी होती. ही नवी, बरोबर दांड्याच्या टोकाशी. उठताना यायची, चार पावलांनी कमी व्हायची. मी कुणाला सांगितलं नाही. बसल्या बसल्या मांडीवर हात ठेवून आत काही हलतंय का ते बघत राहायचो. समोर तो उघडा खांब. मला दिवसाढवळ्या गिलावा पडल्याचा आवाज ऐकू यायचा. आता परत ऑपरेशन, परत ती सुई, आणि मग वर्कशॉप कायमचं संपलं, असं मी मनात पक्कं करून टाकलं. जेवण कमी झालं. करुणाशी चिडून बोलायला लागलो. एकदा तिनं वॉकर जरा इकडचा तिकडे ठेवला तर मी ताट सरकवलं. ती उठून अंगणवाडीत गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही.

आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "दुखतंय ना?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं राग आलाय. राग असता तर बरं हुतं." मग आम्ही दोघंही घाबरलेले शेजारी शेजारी बसून राहिलो. खरं सांगायचं तर एकट्यानं घाबरण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं होतं. मास्तर, दुखलं तर घरात सांगा. मी सांगितलं नाही म्हणून माझे बारा-तेरा दिवस फुकट गेले.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, की अशी कळ काहींना येते, लगेच घाबरायचं कारण नाही, तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेत खरं काय ते दिसेल. दांड्याभोवती काळी रेघ दिसली, किंवा दांडा खाली सरकलेला दिसला, तर समजायचं धरलं नाही.

*

तिसऱ्या महिन्यात नगरला गेलो. एक्स-रे काढून बाहेर बाकावर बसलो. करुणानं घरून आणलेली चपाती-भाजी पिशवीत तशीच होती.

डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. पट्टी घेऊन दोन्हीकडे मोजलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, करुणा पट्टीकडे. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बघा, जरासुद्धा सरकलेला नाही. आणि इथे, जिथे तुमचं पॉलिश राहिलंय ना, तिथे काळी रेघ दिसते का?"

दिसत नव्हती. पांढरं हाड थेट दांड्याला जाऊन टेकलं होतं. कुठे हाड संपतं आणि कुठे धातू सुरू होतो ते माझ्यासारख्याला नीट सांगता येईना.

"धरलंय," डॉक्टर म्हणाले. "कळ जाईल हळूहळू. काठी घ्या काही दिवस, मग तीही सोडा. कामावर कधी जायचं ते पुढच्या महिन्यात ठरवू."

माझा जीव भांड्यात पडला. करुणा डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, ह्येंना एकदा परत सांगा, खरबरीत चांगलं असतंय म्हनून." डॉक्टरांनी सांगितलं. मी ऐकलं. बाहेर येऊन त्याच बाकावर आम्ही चपाती-भाजी खाल्ली, आणि मी करुणाच्या वाटणीची अर्धी चपातीही खाल्ली.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी विलासला फोन लावला. त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी म्हणालो, "नाही रे, धरलंय म्हणाले." तो नुसता "बरं झालं" म्हणाला. मी म्हणालो, "विलास, सिमेंट बरोबर होतं. टाचे मी मारू दिले नाहीत. रविवारी उपासना झाल्यावर येतोस का? खांब करायचाय."

मग तो म्हणाला, "छन्नी घिऊन येतो."

रविवारी तो आला. खांबाला हात लावून बघितला आणि छन्नी-हातोडा माझ्यापुढे धरला. "पैला तुमी मारा, दाजी."

मी काठी भिंतीला टेकवली आणि मारायला लागलो. सव्वीस वर्षांत कुठल्या वस्तूची तकाकी मी आपल्या हातानं घालवली नव्हती. दहा-पंधरा टाचे मारल्यावर थांबलो. विलासनं पुढे येऊन त्यावरून अंगठा फिरवला, अगदी माझ्यासारखा, आणि मान हलवली.

"अजून गुळगुळीतच हाय, दाजी. मारा अजून."

मी डाव्या पायावर भार दिला आणि मारले.